कॅक्टस सुकतोय, मऊ पडतोय की पिवळा होतोय? पाणी घालायच्या आधी हे क्रमाने बघा

आमच्या सोसायटीत आणि नातेवाइकांत कुणाचा कॅक्टस आजारी पडला की तो माझ्या गॅलरीत येतो. जुलैच्या शेवटापासून तर रांगच लागते. जवळजवळ सगळ्यांची गोष्ट एकच असते, झाड सुरकुतलं, म्हणून पाणी घातलं, मग अजून सुरकुतलं, म्हणून अजून पाणी घातलं. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. आत्ता लगेच करायची गोष्ट एकच, पाणी बंद. खत, एप्सम सॉल्ट, चहाचा चोथा, काहीही घालू नका. बरा कॅक्टस आठ-दहा दिवस पाण्याशिवाय आरामात राहतो, आणि कुजत असेल तर तेवढ्या कोरडेपणाने कुज निदान हळू होते.

लक्षणं

आधी तुमच्या झाडाला यातलं काय लागू होतंय ते बघा.

- अंगावर सुरकुत्या, झाड आकसलंय, पण बोटाने दाबलं तर टणक लागतं. माती कोरडी ठणठणीत.
- तशाच सुरकुत्या, पण माती ओली किंवा दमट. हे वरच्यासारखंच दिसतं आणि कारण बरोब्बर उलटं असतं.
- बुंध्याशी मऊ, लिबलिबीत, तपकिरी किंवा काळपट. कधी वास येतो. झाड एका बाजूला कललेलं.
- शेंडा बारीक, फिकट, लांबुडका झालाय, खालचा भाग जाड आणि वरचा पेन्सिलसारखा.
- ज्या बाजूला ऊन येतं फक्त त्याच बाजूला पांढरट किंवा खाकी चट्टा, कडक, खरबरीत.
- काट्यांच्या मुळाशी पांढरा कापूस, आणि कुंडीवर मुंग्यांची ये-जा.
- अंगावर बारीक गंजल्यासारखी झाक, शेंड्याजवळ जास्त, नीट बघितलं तर अगदी बारीक जाळी.
- वर लाल-पिवळा गोळा असलेला जो कॅक्टस मिळतो त्याची खालची हिरवी दांडी पिवळी पडतेय.

आणि एक लक्षण जे आजार नाहीच. जुन्या झाडाचा बुंधा खालून वर हळूहळू तपकिरी, कोरडा, लाकडासारखा कडक होत जातो, बुचासारखा. ते वय आहे. दाबून बघा, टणक असेल तर सोडून द्या. याच कारणासाठी लोकांनी चांगली झाडं कापलेली मी बघितलीत, फार वाईट वाटतं.

सगळ्यात आधी: हा कॅक्टसच आहे ना?

फुकटचं काम आहे, मिनिटाचं. नर्सरीत काटे असलेलं सगळंच कॅक्टस म्हणून विकतात, पण त्रिधारी निवडुंग, शेर, क्राउन ऑफ थॉर्न्स ही युफोर्बियाची मंडळी, वेगळं कुळ. कॅक्टसचे काटे एका छोट्या लोकरी ठिपक्यातून झुबक्याने निघतात, युफोर्बियात तो ठिपका नसतो आणि जरा ओरखडा गेला तरी पांढरा चीक येतो. हे इतकं महत्त्वाचं का, तर खाली कापाकापी येणार आहे आणि तो चीक डोळ्यात गेला तर भयंकर आग होते, दिसायचंही काही काळ बंद होऊ शकतं. चीक दिसला की हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय पुढे जायचं नाही.

दुसरं, ब्रह्मकमळ. आपल्याकडे घरोघरी पानांचं जे ब्रह्मकमळ असतं, रात्री फुलणारं, ते खरंच कॅक्टसच्या कुळातलं आहे, तसाच तो ख्रिसमस कॅक्टस. पण हे दोन्ही जंगलातल्या झाडांच्या फांद्यांवर वाढणारे, त्यांना सावली आणि थोडी ओल लागते. त्यांना कडक ऊन आणि महिनाभर कोरडं ठेवलं तर तेच आजारी पडतील. खाली जे लिहिलंय ते गोल, खांबासारख्या आणि फड्याच्या वाळवंटी कॅक्टससाठी आहे.

तपासणी १: दाबून बघा आणि कुंडी उचलून बघा

काड्यापेटी किंवा पेनाच्या मागच्या टोकाने झाडाला दोन-तीन ठिकाणी हलकेच दाबा, बुंध्याशी नक्की. सगळीकडे टणक असेल तर तुमच्याकडे वेळ आहे, घाई करू नका. बुंध्याशी मऊ लागलं तर मधलं सगळं सोडून थेट तपासणी ५ वर जा आणि आजच करा, कारण बुंध्याची कुज पावसाळी हवेत दोन-चार दिवसांत शेंड्यापर्यंत पोचते.

मग कुंडी उचला. प्लॅस्टिकची छोटी कुंडी कोरडी असेल तर हाताला हलकी लागते, आठवडाभरापूर्वी पाणी घातलंय आणि तरी जड आहे म्हणजे आत पाणी बसलंय. खात्री करायची तर जळलेल्या अगरबत्तीची काडी कडेने तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. काडीला माती चिकटली किंवा ती दमट लागली तर पाणी घालायचं नाही, वरची माती कितीही कोरडी दिसू दे. वरचा इंचभर थर पंख्याने एका दिवसात सुकतो, तळाला चिखल तसाच असतो, आणि मुळं तळाला असतात.

कोरडी माती, टणक अंग आणि सुरकुत्या हे तिन्ही एकत्र असेल तरच तहान. मग कुंडी पाण्याच्या परातीत अर्धा तास ठेवा, काढून पूर्ण निथळू द्या. वरून ओतू नका असं मुद्दाम सांगतोय, कारण नर्सरीची झाडं बहुतेक कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, असतात आणि ते पूर्ण वाळलं की आकसतं, कुंडीच्या कडेला फट पडते, वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं आणि मुळांना थेंब मिळत नाही. तहानलेला कॅक्टस आठवड्याभरात फुगलेला दिसायला लागतो. नाही फुगला तर मुळं गेलीत, तपासणी ५.

तपासणी २: कुंडीचं बूड

भोक आहे का? असेल तर बुजलंय का? बाहेरून शोभेची सिरॅमिक कुंडी आहे आणि आत प्लॅस्टिकची, तर आतली काढून बघा, बाहेरच्या कुंडीच्या तळाला पाणी साठलेलं सापडायची शक्यता खूप आहे. गिफ्ट म्हणून येणाऱ्या कॅक्टसवर पांढरे खडे असतात, ते हलवून बघा. कित्येकदा ते गोंदाने चिकटवलेले असतात, सगळा एकच थर, त्यामुळे वरून हवा जात नाही आणि ओल उडत नाही. तो थर पकडीने फोडून काढून टाका. आणि हो, वर रंगीत सुकं फूल चिकटवलेलं असेल, झाड फुलांवर आहे असं वाटतं, ते गरम गोंदाने शेंड्यावर डकवलेलं असतं. ओढू नका, साल निघते. कात्रीने फुलाचा भाग कापा, गोंद कालांतराने आपोआप सुटतो.

तळाला खापऱ्या आणि खड्यांचा जाड थर घालायची आपल्याकडे पद्धत आहे, पण त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांमध्ये सहज उतरत नाही, ते मातीच्या तळाशीच अडकून बसतं, म्हणजे ओला पट्टा होता तसाच राहतो, फक्त मुळांच्या अजून जवळ येतो. भोकावर एक खापरी, माती वाहून जाऊ नये म्हणून, एवढंच पुरे.

तपासणी ३: ऊन आणि जागा

बारीक लांबुडका शेंडा म्हणजे उजेड कमी. टीव्हीच्या शेजारी, बाथरूममध्ये, ऑफिसच्या टेबलावर कॅक्टस ठेवला की तो उजेड शोधत ताणला जातो. हा भाग पुन्हा जाड होत नाही, पण पुढची वाढ नीट होऊ शकते. पूर्व किंवा दक्षिणेच्या खिडकीत चार-पाच तास ऊन मिळेल असं ठेवा, पण एकदम नाही. आत सावलीत वाढलेलं झाड एप्रिल-मे मध्ये थेट पश्चिमेच्या ग्रिलमध्ये नेलं तर दोन दिवसांत भाजतं, तोच तो खाकी चट्टा. तो डाग कायमचा राहतो, पण कडक आणि कोरडा असेल तर झाडाला धोका नाही. दोन आठवडे रोज थोडं ऊन वाढवत न्या. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तर हिरव्या शेडनेटखालीच ठेवा, चाळीसच्या वर पारा गेला की बरेच कॅक्टस वाढ थांबवून बसतात आणि तेव्हा घातलेलं पाणी त्यांना नको असतं.

पावसाळ्यात मात्र एकच नियम, छताखाली. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते की एकदा भिजलेली कुंडी पंधरा-पंधरा दिवस वाळत नाही. त्या काळात मी छोट्या कुंड्यांना महिन्यातून एकदा, तेही चार दिवस उघडीप असेल तरच, पाणी घालतो आणि मोठ्यांना घालतच नाही. मार्च ते मे दर आठ-दहा दिवसांनी, थंडीत दोन-तीन आठवड्यांनी, आणि दर वेळी अगरबत्तीची काडी आधी. परदेशात असाल तर तुमचा हिवाळा हाच पावसाळा समजा, दिवस छोटा, उजेड कमी, पाणी जवळजवळ बंद.

तपासणी ४: कीड

मोबाईलचा कॅमेरा झूम करून काट्यांच्या बेचक्यात बघा. कापसाचे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. मुंग्या त्यांचा गोड चिकटा खायला येतात आणि त्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर नेतातही, त्यामुळे मुंग्या दिसल्या की सगळ्या कुंड्या तपासा आणि आजारी झाड दूर ठेवा.

कानकोरणीच्या कापसाला सर्जिकल स्पिरिट किंवा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून एकेक पुंजका पुसा. किडीच्या अंगावर मेणाचा थर असतो, नुसतं पाणी त्याच्यावरून घसरतं, अल्कोहोल तो विरघळवतं, म्हणून ते चालतं. मग लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, चांगलं हलवून संध्याकाळी फवारा. त्यानंतर दोन दिवस सावली, तेल लागलेली साल उन्हात करपते. हे सगळं आठ-दहा दिवसांनी पुन्हा, आणि अजून एकदा. लोक इथेच सोडून देतात. एकदा पुसलं, स्वच्छ दिसलं, विसरले. अंडी मागे राहिलेली असतात, ती फुटतात आणि महिन्याने सगळं पहिल्यासारखं.

फड्या निवडुंगावर कापूस असेल तर एक पुंजका टिशूवर चुरडून बघा. गडद किरमिजी लाल डाग पडला तर ती कोचिनील कीड. रंगासाठी जी पाळायचे त्याच जातकुळीतली. १७९५ मध्ये रंगाच्या धंद्यासाठी अशी एक कीड ब्राझीलहून भारतात आणली होती, ती रंगाला कमअस्सल निघाली पण तिने निवडुंग मात्र भराभर संपवला, इतका की पुढे १९२६ मध्ये माजलेला निवडुंग मारायला तिची दुसरी जात मुद्दाम आणून सोडली. हे सांगायचं कारण, ही कीड साधी समजू नका, ती निवडुंग अख्खा खाते. लागण झालेले फडे कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको, उरलेल्यांना वरचाच उपचार.

गंजाची झाक आणि जाळी म्हणजे लाल कोळी. कोरड्या गरम हवेत वाढतो, मार्च-एप्रिलमध्ये. सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, माती प्लॅस्टिकने झाकून, मग नीम तेल. झालेले डाग जात नाहीत.

तपासणी ५: कुंडीतून काढून मुळं बघा

इथपर्यंत कारण सापडलं नाही, किंवा बुंधा मऊ आहे, तर आता हे टाळता येत नाही. वर्तमानपत्राची जाड पट्टी घडी करून झाडाच्या कमरेभोवती गुंडाळा आणि दोन्ही टोकं एकत्र धरा, काटे लागत नाहीत आणि पकडही चांगली बसते. बनी इअर, म्हणजे सशाच्या कानांसारख्या फड्यांचा कॅक्टस, असेल तर सगळ्यात जास्त जपा, त्याचे ते मऊ दिसणारे सोनेरी ठिपके म्हणजे शेकडो बारीक कुसळं, ती कातडीत घुसतात आणि दिसतही नाहीत. साधे कापडी मोजे वापरू नका, कुसळं त्यात अडकून पुढच्या वेळी हाताला लागतात. चिमट्याने काढता येतील तेवढी काढा, मग फेविकॉलचा थर, त्यावर गॉजचा तुकडा, वाळला की सोलून काढा. चोळू मात्र नका.

झाड बाहेर आलं की माती हाताने मोकळी करा. जिवंत मूळ पांढरट किंवा फिकट खाकी, वाकवलं तर लवचिक. मेलेलं मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता दोरा राहतो. हा दोरा एकदा बघितलात की पुन्हा कधी विसरणार नाही. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पांढरी पावडर दिसली तर ती बुरशी समजून सोडू नका, मुळांवरचे पिठ्या ढेकूण असतात ते. सगळी माती टाकून द्या, मुळं धुवा, पाण्यात थोडं साबण-नीम मिसळून दहा मिनिटं बुडवा, वाळवा, नवी माती, नवी कुंडी.

मेलेली मुळं कात्रीने कापून टाका, जिवंतांना हात लावू नका. बुंधा टणक असेल तर काम इथेच संपलं, चार-पाच दिवस सावलीत उघडं ठेवून जखमा वाळू द्या आणि कोरड्या मातीत लावा. लावल्यावर आठवडाभर पाणी नाही. तुटलेल्या मुळाला ओल लागली की तिथूनच कुज शिरते.

माती

याच्यावर जरा थांबतो, कारण झाड वाचवून पुन्हा त्याच मातीत लावलं तर पुढच्या जुलैत पुन्हा हेच करायचं. देशावरची काळी माती कॅक्टसला चालतच नाही. ती भिजली की फुगते, वाळली की तडे जातात आणि त्या तड्यांत बारीक मुळं तुटतात, आणि पाणी तर इतकं धरून ठेवते की कपाशीला वरदान आणि कॅक्टसला मरण. नुसतं कोकोपीटही नको.

एक भाग लाल माती, एक भाग चाळलेलं गांडूळखत, आणि तीन भाग खडबडीत माल. खडबडीत माल म्हणजे बांधकामाच्या साइटवर मिळणारी बारीक कच, विटांचा चुरा, परलाइट, जाड नदीची वाळू, जे मिळेल ते. कच रव्याच्या चाळणीतून चाळा, खाली पडेल ती धूळ फेकून द्या, वर उरेल तेच घ्या आणि धुऊन वाळवा. ही धूळ राहिली तर सिमेंटसारखी बसते आणि सगळा खर्च वाया. समुद्राची वाळू अजिबात नको, मीठ. तयार झाली की कुंडीत भरून पेलाभर पाणी ओता, काही सेकंदांत खालून बाहेर यायला पाहिजे. वर तळं होऊन थांबलं तर अजून कच घाला.

कुंडी मातीची, आणि मुळांच्या गड्ड्यापेक्षा बोटभरच मोठी. वाढेल म्हणून मोठी कुंडी देणं हा प्रेमाचा भाग झाला, पण जिथे मुळं नाहीत तिथलं पाणी कुणी पीत नाही, ते तसंच राहतं.

तपासणी ६: कापावं लागलं तर

बुंधा मऊ आहे, म्हणजे कुज अंगात शिरली आहे. पावडर मारून, वाळवून ती थांबत नाही, कापावीच लागते. धारदार सुरी, स्पिरिट, टिशूचा गठ्ठा घ्या. खालून वर अर्धा-एक सेंटीमीटरच्या चकत्या करत जा आणि प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने पुसा, प्रत्येक, कारण न पुसलेली सुरी कुज स्वतःच वर घेऊन जाते.

आता चकतीकडे नीट बघा. कडेला हिरवं, आत फिकट गर, आणि मधोमध एक बारीक वर्तुळ दिसेल, त्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या. गर स्वच्छ दिसतोय म्हणून थांबू नका. त्या वर्तुळावर एक जरी तपकिरी, केशरी किंवा लालसर ठिपका असेल तर अजून वर जायचं. फ्युजेरियमसारखी बुरशी याच नळ्यांतून चढते, गर नंतर कुजतो. वर्तुळ पूर्ण स्वच्छ दिसलं की सुरी पुन्हा पुसून एक शेवटची पातळ चकती अजून काढा. मग खालच्या कडेची साल सगळीकडून तिरकी तासा, पेन्सिलला टोक करतात तशी थोडीशी. वाळताना मधला गर आत ओढला जातो, साल तशीच ठेवली तर वर्तुळ मातीपासून वर लटकतं, आणि नवी मुळं त्या वर्तुळातूनच येतात.

कापावर बुरशीनाशक लावा. साफ नावाने मिळतं ते, कार्बेन्डाझिम १२ टक्के आणि मॅन्कोझेब ६३ टक्के, किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड. मास्क आणि मोजे घालून, मुलांपासून दूर. दालचिनीची पूड किंवा हळदही लोक लावतात, लावा, पण कुज थांबते ती स्वच्छ कापामुळे, आत ठिपका राहिला असेल तर वरून काहीही लावलं तरी उपयोग नाही.

मग सावलीत, हवेशीर जागी उभं ठेवा, रिकाम्या पेल्यावर वगैरे. आडवं ठेवलं तर खांबाचे कॅक्टस वाकतात. पावसाळा असेल तर पंख्याखाली. छोट्या झाडाला आठवडा, मनगटाएवढ्या जाडीला दोन-तीन आठवडे, जोपर्यंत काप कोरडा आणि कडक होत नाही तोपर्यंत. मग कोरड्या कचेवर नुसतं टेकवून ठेवा. मुळं यायला दोन ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्तच, आणि तोपर्यंत पाणी नाही. झाड आकसेल. बघवत नाही, मान्य आहे, पण ते साठवलेल्या पाण्यावर जगत असतं आणि त्याच तहानेने मुळं काढतं. हलकेच हलवून बघा, धरून ठेवल्यासारखं लागलं की मुळं आली, मग पहिलं पाणी.

शेंडा कुजला पण खालचा भाग चांगला आहे, तर उलटं करा. वरचं स्वच्छ वर्तुळ लागेपर्यंत काढून टाका आणि ठोंब तसाच वाळत ठेवा. काही महिन्यांत काट्यांच्या ठिपक्यांतून पिल्लं फुटतात.

लाल-पिवळ्या गोळ्याच्या मून कॅक्टसचं वेगळं आहे. तो गोळा जिम्नोकॅलिशियमचा, त्याच्यात हरितद्रव्य नाही, त्यामुळे तो एकटा जगूच शकत नाही. खालची तीन धारांची दांडी ड्रॅगनफ्रूटच्या जातीचा खुंट आहे, तीच त्याला पोसते. गोळा काढून मातीत लावू नका, मरणार. खुंट पिवळा पडत असेल पण गोळा टणक असेल तर नवीन ड्रॅगनफ्रूटच्या फांदीवर कलम करता येतं. सांगली-सोलापूरकडे बागा आहेत, फांदी सहज मिळते. दोन्ही काप सपाट, दोन्हीकडची वर्तुळं एकमेकांवर निदान अर्धी तरी यायला हवीत, वरून रबरबँड, दोन आठवडे सावली. ही कलमं तशीही काही वर्षंच टिकतात, खुंट आणि गोळ्याची वाढ वेगवेगळी असते, त्यामुळे नीट काळजी घेऊनही गेलं तर स्वतःला दोष देऊ नका.

कुठे थांबायचं

चकत्या करत शेंड्यापर्यंत पोचलात आणि तरी वर्तुळावर ठिपके आहेत, तर थांबा. झाड गेलं. माती, चकत्या सगळं पिशवीत बांधून टाका, कुंडी ब्लीचच्या पाण्यात बुडवून धुवा आणि ती माती दुसऱ्या कुठल्याही कुंडीत घालू नका.

कमरेच्या वर गेलेला खांबाचा कॅक्टस बुंध्याशी मऊ झाला असेल तर घरी हात लावू नका. आत पाणीच पाणी असतं, दिसतो त्याच्या कितीतरी पट जड असतो, आणि गॅलरीच्या कठड्याजवळ असेल तर खाली माणसं आहेत. आधी दोरीने बांधा, खालची जागा मोकळी करा आणि कॅक्टसचं काम करणाऱ्या नर्सरीवाल्याला बोलवा. एकाच वेळी तीन-चार झाडं कुजायला लागली असतील किंवा तुमच्याकडे मोठा जुना संग्रह असेल तर कृषी विज्ञान केंद्रात किंवा जवळच्या कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात नमुना दाखवा, अंदाजाने औषधं मारत बसू नका.

आणि माणसाचं. काटा सांध्यात, बोटाच्या पेरात किंवा डोळ्याजवळ मोडला, दुसऱ्या दिवशी लाल, गरम, सुजलेलं लागलं किंवा बोट वाकेना, तर सुईने उकरू नका, डॉक्टरकडे जा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते सांगा. युफोर्बियाचा चीक डोळ्यात गेला तर लगेच वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि आग कमी झाली तरी डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी जा, जाताना झाडाचा फोटो घेऊन जा.

नर्सरीवाल्याकडे झाड नेणार असाल तर कुंडीसकट, मातीसकट न्या. निघायच्या आधी पाणी घालून, पुसून चकाचक करून नेऊ नका, त्याला ओल किती आहे आणि पांढरं काय लागलंय तेच बघायचं असतं.